अनारशाची जर्मन मावसबहीण

न्यूरेंबर्ग,
१२ डिसेंबर

प्रिय मावशीस,


यंदा दिवाळीत अनारसे तुपात हसले म्हणून तू फोनवर किती हळहळलीस! आता माझं ऐक. माझी नाताळची बिस्किटं हसली नाहीत, थेट दगड झाली. काल एक ओट्यावरून खाली पडलं, तर फरशीच वाजली, बिस्किटाचा टवकासुद्धा उडाला नाही.

इंग्रजी गोष्टींतून आपल्याला ठाऊक असलेल्या जिंजरब्रेडचं इथलं भावंड म्हणजे लेबकूखन. इंग्रजी नावात आलं आहे खरं, पण खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कृतीत सुंठ औषधालाही नाही. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री, बडीशेपेच्या वासाचं अ‍ॅनिस आणि, हसू नकोस, धने! धन्याची पूड घालून गोड खाऊ. त्यांनी मसाल्याची बरणी उघडली तेव्हा मला तुझ्या गोड्या मसाल्याचीच आठवण झाली, फक्त खोबरं आणि दगडफूल तेवढं कमी. सॅक्सनीतल्या पुल्सनित्स गावी याच जातीच्या खाऊला फेफरकूखन म्हणतात, म्हणजे मिरीचा केक. १५५८ सालापासून तिथले बेकरीवाले तो भाजतात आणि त्यात मिरी नसते. लांबून आलेल्या सगळ्याच मसाल्यांना त्या काळी सरसकट मिरी म्हणायचे!

आमच्या गावाचं नाव यात मोठं झालं ते दोन गोष्टींमुळे. आपल्याकडचे मसाले व्हेनिसमार्गे इथल्या व्यापाऱ्यांच्या वखारीत यायचे आणि मध गावाला लागूनच असलेल्या राखीव जंगलातून. १६४३ मध्ये तर लेबकूखनवाल्यांची स्वतंत्र संघटनाच झाली, साध्या पाववाल्यांपासून वेगळी.

पण मला सांगायचंय ते पिठाबद्दल. आजी ऑक्टोबरअखेर मध कोमट करतात, निवला की त्यात गव्हाचं आणि रायचं (हे इथलं एक काळपट धान्य) पीठ मळतात आणि गोळा चिनी मातीच्या बरणीत घालून तळघरात ठेवतात. मसाला नाही, अंडं नाही, काही नाही. पाच-सहा आठवडे त्याच्याकडे बघायचंही नाही. तू तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत सुकवून, दमट असतानाच कुटून गुळात कालवतेस आणि गोळे डब्यात मुरवतेस, अगदी तसंच. मुरताना हे पीठ किंचित आंबतं. भाजायच्या दिवशी त्यात पोटॅश घालतात, आपल्या पापडखाराच्या जातीची पांढरी पूड. आंबटपणा भेटला की ती पीठ फुगवते.

मी काय केलं? शनिवारी दुपारी मळलं, संध्याकाळी भाजलं. पोटॅशला आंबट काही मिळालंच नाही. आजींनी एक बिस्किट दोन बोटांनी टेबलावर वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘घाई.’ एवढंच. तू असतीस तर निदान अर्धा तास बोलली असतीस.

मग त्यांनीच उपाय सांगितला. लेबकूखन नीट जमलं तरी गार झाल्यावर कडक होतंच. पत्र्याच्या डब्यात सफरचंदाची फोड घालून झाकण लावायचं. मध हवेतली ओल ओढून घेतो आणि बिस्किट हळूहळू मऊ पडतं. फोड मात्र दोन दिवसांनी बदलायची, नाहीतर बुरशी धरते. माझी आता दुसरी फोड चालू आहे. कडेला दात लागतो, मध्ये अजून नाही.

२० तारखेपर्यंत पार्सल टाकते. माझ्या दगडांवर विसंबायला नको म्हणून सोबत दुकानातली एलिझन-लेबकूखनही घालते. त्यांत पीठ फार तर १० टक्के असू शकतं आणि बदाम, अक्रोड, हेझलनट मिळून निदान २५ टक्के लागतात, असा नियमच आहे. खरं सांगू, मला तीच जास्त आवडतात. आजींना सांगणार नाही.

दोन्हींत अंडं आहे, तेव्हा देवापुढे ठेवू नकोस. माझी अजून कडकच असली तर चहात बुडव. आणि दुकानातल्यांच्या बुडाशी कागदासारखी पांढरी चकती असते ती सोलून टाकू नकोस, ती खायची असते.

तुझी,
छकुली