पंचांमुखीं परमेश्वर

पंचांमुखीं परमेश्वर असतो, ह्या जुन्या म्हणीवर आमची पिढी वाढली. चार शहाणीं माणसें एकत्र बसलीं, त्यांनीं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि सर्वांच्या तोंडून एकच निर्णय बाहेर पडला, तर तो बहुधा खरा असावयाचा, हा तिचा मथितार्थ. गांवचा तंटा असो, लग्नाचीं बोलणीं असोत, कीं उत्तरपत्रिकेची फेरतपासणी असो, हाच विश्वास आपण सर्वत्र वागवीत आलों आहों. तो सर्वस्वीं खोटा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पंच जेव्हां माणसें नसतात, तेव्हां ही म्हण कितपत टिकते, हा प्रश्न अलीकडे आमच्यापुढें उभा राहिला आहे. आणि आधीं लातुरास व नंतर नांदेडास मिळून तीस वर्षें गणित शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास तो सहजासहजीं टाळतां येत नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याच्या एका कंपनीचें काम नांदेडास घरीं बसून करतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिणें हा त्याचा व्यवसाय. परंतु तो स्वतः लिहीत बसला आहे, असें आम्हीं अलीकडे क्वचितच पाहिलें. “मग दिवसभर करतोस तरी काय?” असें एकदां विचारतां तो हंसून म्हणाला, “सर, मी आतां लिहीत नाहीं. लिहिणाऱ्यांस कामाला लावतों.” हे लिहिणारे म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचीं निरनिराळीं मॉडेलें. एक मॉडेल कामाचा आराखडा आखतें. दुसरें, स्वस्त आणि चपळ, त्याबरहुकूम आज्ञावलीच्या ओळी लिहितें. तिसरें त्या ओळींसाठीं चाचण्या रचतें आणि त्या चालवून पाहतें. चौथें, शक्य तर दुसऱ्या कंपनीचें, टीकाकाराच्या आसनावर बसतें. कोणतें काम कोणाकडे जावें, कोणाचें उत्तर कोणास दाखवावें आणि वाद उत्पन्न झाल्यास कोठें थांबावें, हें मात्र आमच्या विद्यार्थ्यानें ठरवावयाचें.

एकाच थोर मॉडेलाकडून सर्व कामें कां करून घेऊं नयेत, ही शंका आम्हांसही आली. तिचें उत्तर निम्में पैशाचें आहे आणि निम्में स्मरणाचें. ह्या मॉडेलांची मजुरी शब्दांच्या लहान तुकड्यांवर, म्हणजे टोकनांवर, मोजतात. आणि सखोल विचार करणाऱ्या मॉडेलाचा दर चढा असतो. विटा वाहण्यासाठीं कोणी कसबी गवंडी लावीत नाहीं, तसेंच हें. दुसरें असें कीं, मॉडेलापुढें एका वेळीं ठराविकच मजकूर राहूं शकतो. संभाषण लांबलें म्हणजे आरंभींच्या गोष्टी पुसट होतात. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठीं कोरी पाटी घेणें सोयीचें पडतें.

ही व्यवस्था कोणा एकाच्या लहरींतून निघालेली नाहीं. ‘एडर’ नांवाच्या साधनानें सप्टेंबर २०२४ मध्यें विचार करणारें मॉडेल आणि लेखणी चालविणारें मॉडेल ह्यांची फारकत केली. पहिल्यास ‘आर्किटेक्ट’ आणि दुसऱ्यास ‘एडिटर’ अशीं नांवें दिलीं. जून २०२५ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें आपल्या संशोधन-साहाय्यकाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत एक थोर मॉडेल मुकादम होतें आणि त्याच्या हाताखालीं अनेक लहान मॉडेलें राबत होतीं. कंपनीच्या स्वतःच्या परीक्षेंत ही मांडणी एकट्या थोर मॉडेलापेक्षां ९०.२ टक्क्यांनीं सरस ठरली. मात्र अशा मांडणींत साध्या संभाषणाच्या सुमारें १५ पट टोकनें खर्ची पडतात, असेंही तेथें नमूद आहे. शोधकार्याचे जसे वेगवेगळे तुकडे पडतात तसे आज्ञावली-लेखनाचे सहसा पडत नाहींत, ही कबुलीही त्याच वृत्तांतांत आहे. फ्रेड ब्रुक्स ह्यांनीं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ ह्या १९७५ सालच्या ग्रंथांत माणसांविषयीं हेंच सांगितलें होतें. तिघांमध्यें बोलण्याच्या वाटा ३ असतात, पांचांमध्यें १० आणि दहांमध्यें ४५. हात वाढले म्हणजे वाटा त्याहून वेगानें वाढतात; आणि ज्याच्या डोक्यांत सबंध इमारत उभी आहे असा कोणी नसेल, तर एक ना धड भाराभर चिंध्या, अशी अवस्था होते.

येथवरचें सर्व आम्हीं कौतुकानें ऐकलें. पुढें गेल्या दिवाळीच्या सुटींत एक प्रसंग घडला. एका महाविद्यालयास प्रवेशाची यादी आणि परीक्षेच्या अर्जांची यादी ताडून पाहावयाची होती. अर्ज कोणाचा राहिला आहे हें वेळेवर कळलें नाहीं, तर विद्यार्थ्याचें वर्ष बुडावयाचें. दोन्ही याद्यांत नांवांचीं वळणें निराळीं. आमच्या विद्यार्थ्यानें हें काम हौसेनें अंगावर घेतलें, चार मॉडेलें जुंपलीं आणि तासाभरांत आज्ञावली तयार झाली. चाचण्या उत्तीर्ण झाल्या. टीकाकार मॉडेलानें एकदोन किरकोळ सूचना करून मान्यता दिली. चौघांचें एकमत झालें.

कार्यालयांतील भाऊसाहेबांनीं निघालेली यादी हातीं घेतली आणि दहा मिनिटांत ती खालीं ठेवीत म्हटलें, “सर, हिच्यांत आपलीं गुरुद्वाऱ्याकडचीं मुलें कुठें आहेत?” शोध करतां वीसएक नांवें वगळलेलीं आढळलीं. आराखडा आखणाऱ्या मॉडेलानें प्रारंभींच एक ओळ लिहून ठेविली होती कीं, विद्यार्थ्याचें नांव म्हणजे स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव असे तीन शब्द. नांदेडास हें कसें चालावें? येथें नांवापुढें नुसतें ‘सिंघ’ वा ‘कौर’ लावून थांबणारीं घरें आहेत. दोनच शब्दांत नांव संपणारीं मुसलमान मुलें आहेत. देगलूर-बिलोलीकडचीं, घराण्याचें नांव आधीं लिहिणारीं तेलुगुभाषी घरें आहेत. सांच्यांत न बसणाऱ्या अशा नोंदी आज्ञावलीनें ‘सदोष’ ठरवून एका वेगळ्या कोपऱ्यांत टाकल्या होत्या. चाचण्या रचणाऱ्या मॉडेलानेंही उदाहरणादाखल तीन शब्दांचींच नांवें घेतलीं, आणि टीकाकारास त्यांत कांहींच वावगें दिसलें नाहीं.

आमच्या मतें ह्या प्रसंगाचा अर्थ महत्त्वाचा आहे. चौघांपैकीं एकानेंही आळस केला नव्हता. परंतु ते चौघे पंच नव्हतेच. ते मम म्हणणारे होते. कोंदोर्से ह्या फ्रेंच पंडितानें १७८५ सालीं गणितानें सिद्ध केलें कीं, प्रत्येक पंच चुकण्यापेक्षां बरोबर असण्याचा संभव थोडा जरी अधिक असेल, तरी पंचांची संख्या वाढेल तसतसा बहुमताचा निर्णय खात्रीचा होत जातो. परंतु त्या सिद्धान्तास एक अट आहे: प्रत्येकाचें मत स्वतंत्र असलें पाहिजे. ही अट व्यवहारांत किती दुर्मीळ आहे, हें नाइट आणि लेव्हसन ह्यांनीं १९८६ सालीं दाखविलें. अमेरिकेंतील दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनीं एकाच मागणीवरून २७ आज्ञावली वेगवेगळ्या लिहवून घेतल्या आणि त्या दहा लक्ष चाचण्यांतून काढल्या. लिहिणारे एकमेकांशीं बोलले नव्हते. तरीही ते स्वतंत्रपणें चुकले असते तर जितक्या वेळां त्यांच्या चुका एकत्र आल्या असत्या, त्याहून कितीतरी अधिक वेळां त्या एकत्र आल्या. जी जागा एकास अवघड, ती दुसऱ्यासही अवघड. मग ज्यांचें भरणपोषणच बव्हंशीं एका ग्रंथराशीवर झालें आहे आणि ज्यांच्या हातीं एकच आराखडा दिला आहे, त्या मॉडेलांच्या एकमताचें वजन तें किती धरावें?

हा विचार महाराष्ट्रास नवीन नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पूर्ण झालें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें, शारदेपासून मलयाळमपर्यंतच्या लिपि, आणि पर्वागणिक निराळे संपादक: सभापर्वास एजर्टन, विराटपर्वास रघु वीर, उद्योगपर्वास सुशीलकुमार डे. इतक्यांचे हात एका ग्रंथास लागूनही त्याची गोधडी झाली नाहीं. कारण १९२५ पासून १९४३ मध्यें देहावसान होईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनीं तें सर्व कार्य एका शिस्तींत बांधलें होतें. त्या शिस्तीचें मर्म असें कीं, प्रती मोजावयाच्या नाहींत, त्यांची कुळी पाहावयाची. एका मूळ पोथीवरून उतरलेल्या पन्नास प्रती म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत, एकच साक्ष. उलट काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकमेकींस न भेटतां एकच पाठ सांगूं लागल्या, तर तेथें मान तुकवावी. आमच्या विद्यार्थ्याच्या चार मॉडेलांत कुळीनें वेगळा असा एकही साक्षीदार नव्हता. तो कार्यालयाच्या टेबलामागें बसला होता.

पुढें विद्यार्थ्यानें योग्य तेंच केलें. त्यानें भाऊसाहेबांकडून अडचणीचीं तीस नांवें कागदावर लिहून घेतलीं, आराखडा आखण्यापूर्वींच तीं चाचणी म्हणून मांडलीं, आणि टीकाकार मॉडेलास आराखडा न दाखवितां केवळ मूळ मागणी व निघालेली यादी दाखविली. तींच मॉडेलें, परंतु आतां वगळलेल्या नोंदी टीकाकाराच्या ध्यानांत आल्या आणि यादी बिनचूक निघाली. सूत्रचालकाची खरी कारागिरी हीच: कोणास काय दाखवावें ह्याहून कोणापासून काय झांकावें, हें त्यास अधिक कळलें पाहिजे. शिवाय शेवटीं नांव त्याचें लागतें. जुन्या काळीं गोतसभेच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. म्हणजे निर्णय चुकला तर कोणाच्या दारीं जावें, हें गांवास ठाऊक असे. मॉडेलांस दार नाहीं.

आणि आतां जी गोष्ट आमच्या मनास खरोखर लागून राहिली आहे ती सांगतों. भाऊसाहेबांस तें व्यंग दहा मिनिटांत दिसलें. कारण तीस वर्षें त्यांनीं तीं नांवें स्वतःच्या हातानें उतरलीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यास त्यांच्याकडे कागद मागण्याची बुद्धि झाली; कारण नोकरीचीं पहिलीं दोन वर्षें त्यानें पुण्यास दुसऱ्यांच्या आज्ञावलींतील बारीकसारीक चुका दुरुस्त करण्यांत काढलीं. लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर ह्या भागांतून आमचीं जीं मुलें ह्या व्यवसायांत शिरलीं, त्यांतील बहुतेक ह्याच पायरीनें वर चढलीं. आज नेमकी तीच पायरी स्वस्त मॉडेलांकडे गेली आहे. सूत्रचालक सर्वांस हवा आहे. परंतु तो ज्या हमालींतून तयार होतो, ती हमाली कोणास द्यावयाची नाहीं.

अहमदपूरकडच्या एका मुलीनें यंदा आम्हांस विचारलें, “सर, यंत्रच सगळं लिहितंय, तर मी फी भरून हें शिकूं कां?” तिच्या वडिलांचें लहानसें किराणा दुकान आहे, आणि फीचा आंकडा त्या घरास लहान नाहीं, तेव्हां गोड बोलून वेळ मारून नेणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. ती लातूरच्या शिकवण्यांत तयार झालेली. ‘लातूर पॅटर्न’ची घोकंपट्टी म्हणून पुष्कळ थट्टा होते, परंतु शेंकडों उदाहरणें स्वतःच्या हातानें सोडवावयाची, ही त्याची संवय आज सोन्याच्या मोलाची आहे, असें आमचें मत झालें आहे. उणें एवढेंच कीं, तेथें प्रश्नपत्रिका नेहमीं दुसरा कोणी काढतो. पुढें तिला प्रश्न स्वतःस काढावे लागतील, आणि चौघांचें एकमत झाल्यावर पांचवी शंका उपस्थित करावी लागेल. आम्हीं तिला सांगितलें कीं, शीक. परंतु पहिलें वर्ष यंत्रास कांहीं सांगूं नकोस. नोकरी मिळेलच, असें वचन आम्हीं दिलें नाहीं, कारण तें आमच्या हातीं नाहीं.

तिनें नांव घातलें. शनिवारीं ती दोन तास भाऊसाहेबांपाशीं बसून याद्या हातानें ताडते, आणि प्रत्येक यादींत जें यंत्रास चकवील असें वाटतें, तें एका वहींत टिपून ठेविते. ती वही आम्ही अधूनमधून पाहतों. परवां तींत नांव लिहिण्याचा एक प्रकार आढळला, जो इतकीं वर्षें हजेरी घेऊनही आमच्या ध्यानांत आला नव्हता.