एक तारीख द्या ना, प्लीज!

सोमवार, पहाटेचे पाच पन्नास. मँचेस्टरमधलं आमचं वन-बेडरूम घर. नवरा गाढ झोपेत आणि मी लॅपटॉपपुढे, हातात आल्याचा चहा घेऊन. सहाच्या ठोक्याला ड्रायव्हिंग टेस्टच्या नव्या तारखा सरकारी साइटवर येणार असतात. पुण्यात तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे नेमका त्याच वेळी आईचा फोन. ‘‘अगं, मिळाली का तारीख?’’ जणू मंगल कार्यालयाचीच चौकशी!

मुळात मला गाडी येत नव्हती असं नाही हो. सात वर्षं मी पुण्यात कार चालवली. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालवली, दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवरसुद्धा. आरटीओत ‘आठ’ काढून लायसन्स मिळवलेली मुलगी मी! पण भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये फक्त पहिले १२ महिने चालवता येतं. आपलं लायसन्स बदलून तिथलं मिळत नाही. तेराव्या महिन्यात तुम्ही पुन्हा शिकाऊ! कारला पुढे-मागे लाल ‘एल’ आणि शेजारी इन्स्ट्रक्टर. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी इगोचं पार भरीत झालं.

ही गोष्ट २०२५च्या उन्हाळ्यातली. थिअरी टेस्ट पास झाले आणि जुलैमध्ये प्रॅक्टिकलसाठी साइट उघडली, तर जवळची तारीख थेट डिसेंबरची. कोविडनंतर तुंबलेल्या टेस्ट तिथे सुरळीत झालेल्याच नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार फेब्रुवारी २०२०मध्ये सरासरी पाच आठवडे थांबावं लागायचं, तर सप्टेंबर २०२५मध्ये २२ आठवडे. त्यात तारखा अडवून कितीतरी पट भावाने विकणारेही बसलेले. सिनेमाच्या तिकिटांचा ब्लॅक आपण पाहिलाय, इथे टेस्टचा!

आणि मला घाई होती. एका डॉक्युमेंटरीसाठी डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांशी बोलायचं काम मिळणार होतं. दीड वर्षातलं पहिलं मोठं काम. नोव्हेंबरपासून सुरू. अट एकच, लायसन्स हवं. जिथे दिवसातून दोन बस जातात तिथे फ्रीलान्सर पोचणार कशी?

नऊ दिवसांची चूक

युक्ती सोपी असते. आधी मिळेल ती तारीख बुक करायची. मग रोज साइटवर जाऊन ‘तारीख बदला’वर टिचकी मारायची. कुणी टेस्ट रद्द केली की ती जागा पुन्हा दिसते. ऑगस्टमध्ये एका रात्री मला अशी जागा दिसली. नऊ दिवसांनंतरची! विचार न करता ‘ओके’ दाबलं, नवऱ्याला उठवून सांगितलं, मिठाईचं ठरवलं.

सकाळी इन्स्ट्रक्टरला सांगितलं. साठीचे गृहस्थ, बोलायला गोड. सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणायची तिकडची पद्धत. म्हणाले, ‘‘लव्ह, तुला गाडी येते. टेस्ट येत नाही.’’

ते खरं होतं, पण आता माघार नव्हती. टेस्ट पुढे ढकलायची तर पूर्ण १० वर्किंग डे आधी कळवावं लागतं, नाहीतर फी बुडते. म्हणजे मी घेतलेली तारीख घेतल्या क्षणापासूनच न बदलता येणारी होती. आणि डिसेंबरची तारीख? ती तर हिच्यासाठी सोडून दिलेली!

टेस्ट साधारण ४० मिनिटांची. छोट्या चुका १५पर्यंत माफ, मोठी एक झाली की संपलं. माझी विसाव्या मिनिटाला झाली. राउंडअबाउटवर मी आरसा न बघता लेन बदलली. पुण्यात आपण पुढचं बघतो, मागचा हॉर्न देतोच की! इथे हॉर्न कुणी देत नाही. मागे कोण आहे हे सतत तुम्हीच बघायचं असतं. शेजारच्या परीक्षकांनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

नापास. ६२ पौंड गेले. नव्याने बुक केलं तर तारीख जानेवारी २०२६ची. त्या रात्री मी खूप रडले. काम हातातून जाणार, हे दिसत होतं.

आधी तयारी, मग तारीख

सप्टेंबरमध्ये उलट्या क्रमाने लागले. सोमवारचा सहाचा अलार्म चालूच, पण इन्स्ट्रक्टरसमोर तीन मॉक टेस्ट स्वच्छ झाल्याशिवाय ‘ओके’ दाबायचं नाही. गाडी चालवताना मोठ्याने बोलायचा सराव केला. ‘‘आरसा. डावीकडे सायकलवाला. वेग कमी.’’ माझी बडबड ऐकून नवरा म्हणाला, ‘‘क्रिकेट कॉमेंट्री लावलीय का?’’ दिव्यांचे, ब्रेकचे, टायरचे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं पाठ केली. तिसरी मॉक स्वच्छ झाली आणि त्याच आठवड्यात साइटवर जागा दिसली. ऑक्टोबरची, पंचवीस दिवसांनंतरची. फक्त गाव होतं केंडल. मँचेस्टरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास!

या वेळी ‘ओके’च्या आधी केंडलमधल्या एका इन्स्ट्रक्टरबाईंना फोन केला. त्या दिवशी तुमची गाडी मिळेल का? आदल्या दिवशी दोन तास शिकवाल का? दोन्हीला ‘हो’ आलं, मगच बटण दाबलं.

करड्या दगडांचं गाव

ऑक्सनहोमला गाडी बदलली की छोट्या ट्रेनचं पहिलंच स्टेशन केंडल. लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरचं हे गाव करड्या चुनखडीच्या घरांचं. मधून केंट नदी, टेकडीवर पडका किल्ला, मुख्य रस्त्यावरून आत घुसणाऱ्या अरुंद बोळांना तिथे ‘यार्ड’ म्हणतात. आपल्या पेठांची आठवण यावी असे बोळ. टुरिस्ट इथे ट्रेकसाठी येतात. मी आले होते रिव्हर्स पार्किंगसाठी!

गावात वन-वेचा मोठा फेरा आहे. लेन वेळेवर पकडली नाही तर नदी ओलांडून भलतीकडे निघता. बाईंनी मला तो फेरा चार वेळा मारायला लावला. मग गावाबाहेर काढलं. दोन्ही बाजूंना रचीव दगडांच्या भिंती, पलीकडे मेंढ्या, रस्ता जेमतेम एका गाडीचा आणि वेगमर्यादा ताशी ६० मैल. ‘‘६० ही मर्यादा आहे, आग्रह नाही,’’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टेस्टमध्ये त्याच जातीच्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर आला. ताशी १५ मैलांनी, डुलत. पुण्याची मी आतून ओरडत होते, ‘अगं, घाल पुढे!’ पण वळणापलीकडचं दिसत नव्हतं. मी आरसा पाहिला, अंतर ठेवलं आणि त्याच्या मागे रांगत राहिले. चार मिनिटं असतील, मला चाळीस वाटली. परीक्षकबाई खिडकीतून मेंढ्या बघत होत्या. शेवटी ट्रॅक्टर फाटकात वळला आणि चालकाने हात केला.

सहा छोट्या चुका. पास!

गावातल्या दुकानातून केंडल मिंट केक घेतला. नावात केक, प्रत्यक्षात साखर आणि पेपरमिंटची वडी. १९५३मध्ये हिलरी-तेनसिंग यांच्याबरोबर ही वडी एव्हरेस्टवर गेली होती. माझ्याबरोबर ती मँचेस्टरला आली.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर एक सांगते. नोव्हेंबर २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की तारखा आणि केंद्रं बदलण्यावर आणखी बंधनं येणार. तेव्हा माझा केंडल-फॉर्म्युला डोळे झाकून वापरू नका, आधी सरकारी साइट बघा. बाकी सगळं तसंच आहे. लवकरची तारीख ज्याची तयारी झालीय त्याच्याच उपयोगाची. नाहीतर ती फक्त लवकर नापास करते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीने गाडी काढली, शेतकऱ्यांना भेटायला. आईचा फोन आला, मी उचलला नाही. दोन तासांनी गाडी थांबवून केला. ‘‘उचलत का नव्हतीस?’’ तिने विचारलं.

‘‘आई, मी गाडी चालवत होते.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘बरं. हळू चालव गं.’’