कार्बोरेटर की इंजेक्शन?

अक्कलकोटच्या घरामागच्या शेडमध्ये जुन्या मारुती ८००च्या इंजिनाला टर्बो बसवतोय. बाबा म्हणतात, "कार्बोरेटरच ठेव. बिघडला तर मी खोलेन."

मला इंजेक्शन हवंय. टर्बो हवा दाबून भरतो. तेवढं पेट्रोल त्याच क्षणी आलं नाही तर मिश्रण लीन होतं, इंजिन नॉक करतं, पिस्टनला भोक पडतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (थोडं आपल्या उसाचंही असेल). किलोभर पेट्रोलला १४.७ किलो हवा लागायची, आता साधारण १३.५. जेट बदलण्यापेक्षा लॅपटॉपवर आकडा बदलणं सोपं.

पण मी पुण्यात, गाडी बाबांपाशी. म्हणून इंजेक्शन बसवतोय आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना ट्यूनिंग शिकवतोय. त्यांनी आकड्यांची वही केलीय.