क्रम अकारविल्हेच ठेव

सावेडी, अहिल्यानगर

चि. ताई,

पत्र मिळालं. सप्टेंबरभर तुमच्या वाचनालयात रोज एक अक्षर घ्यायचं, त्या अक्षराचा आपल्या जिल्ह्याशी नातं असलेला लेखक किंवा पुस्तक फळ्यावर लिहायचं, संध्याकाळी त्यातली चार पानं वाचायची आणि महिनाअखेर ज्यानं त्यानं आपला आवडता निवडायचा, ही तुझी योजना मला पटली. कार्यकारी मंडळाला मात्र ती पोरखेळ वाटते. त्यांना पहिला आठवडा संतांचा, दुसरा शाहिरांचा, तिसरा ख्रिस्ती लेखकांचा आणि चौथा आधुनिकांचा हवा आहे. मत विचारलंस म्हणून सांगतो, क्रम अकारविल्हेच ठेव. मंडळाशी भांडू नकोस, पण मागेही हटू नकोस. त्यांचं वेळापत्रक नीटनेटकं आहे यात शंका नाही. अडचण त्या नीटनेटकेपणातच आहे. संतांच्या आठवड्याला भजनी मंडळ येईल, ख्रिस्ती लेखकांच्या आठवड्याला चर्चची माणसं येतील, आधुनिकांच्या आठवड्याला कॉलेजातले प्राध्यापक येतील. प्रत्येक जण आपल्याला आधीपासून आवडणारंच ऐकून घरी जाईल. मग नवं कोणाला काय सापडलं?

आवडता लेखक सापडतो कसा, याचा विचार केला तर बहुतेक वेळा तो शिफारशीनं सापडतो, आणि शिफारस करणारा आपल्याच गोतावळ्यातला असतो. त्यानं दिलेलं पुस्तक आपल्याला आवडतंही, कारण त्याची आणि आपली आवड एकाच मुशीतली. पण म्हणूनच ते आपल्याला कुंपणापलीकडे नेत नाही. आपल्या जिल्ह्यात ही कुंपणं जरा जास्तच पक्की आहेत. महिपतींचा ‘भक्तविजय’ श्रावणात देवळात वाचला जातो, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ ख्रिस्ती घरांत राहतं, अनंत फंदी शालेय पुस्तकातल्या एका फटक्यापुरते उरले आहेत, आणि नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैद्यांनी लिहिलेली पुस्तकं तर आपण नगरची मानतच नाही. या सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं तर असा क्रम हवा, ज्यात कोणाचाच हितसंबंध नाही. वर्णमालेला जात, धर्म, पंथ आणि प्रतिष्ठा कळत नाही. इथं तिचा हा अडाणीपणाच उपयोगी पडतो.

उदाहरणंच घे. म च्या दिवशी कोशाच्या क्रमानं आधी महंमद येतात आणि लगेच महिपती. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 1645 साली ‘योगसंग्राम’ पुरा करणारे, नावानं मुसलमान आणि वाणीनं विठ्ठलाच्या गावचे. त्यांच्या शेजारी राहुरीजवळच्या ताहराबादचे महिपती, गावचं कुलकर्णीपण सांभाळून 1762 मध्ये ‘भक्तविजय’ लिहिणारे. मंडळाच्या वेळापत्रकात हे दोघे एकाच आठवड्यात आले असते, पण शेख महंमदांना बहुधा ‘मुसलमान संत’ म्हणून कोपऱ्यातली अर्धी संध्याकाळ मिळाली असती. अक्षराच्या क्रमात ते महिपतींच्या आधी येतात, कोणाचे उपकार न घेता. आणि वाचकानं पुढं शोध घेतला तर त्याला कळतं की महिपतींनी आपल्या ग्रंथात शेख महंमदांची गोष्ट खरोखरच घेतली आहे. ज च्या दिवशी ज्ञानेश्वरांना लागूनच ‘ज्ञानोदय’ येतो. एक 1290 मध्ये नेवाशात सांगितलेला गीतेचा अर्थ, दुसरं 1842 मध्ये नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशननं काढलेलं नियतकालिक. पहिल्या रविवारी अ-आ घेतलेस तर संगमनेरचे अनंत फंदी आणि किल्ल्यात कैदेत असलेले मौलाना आझाद एकाच संध्याकाळी येतात, दोघांच्या जन्मात जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर. अशी जोडी कोणत्याही समितीनं ठरवून लावली नसती.

यावर तुझ्या मंडळातलं कोणी म्हणेल, आणि ते चूक म्हणणार नाही, की हे शेजार खोटे आहेत. केवळ आद्याक्षर सारखं म्हणून दोन माणसांत नातं निर्माण होत नाही. इंग्रजीत कोलरिजनं विश्वकोशांच्या वर्णानुक्रमावर नेमका हाच आक्षेप घेतला होता. ज्ञानाची मांडणी आद्याक्षराच्या योगायोगावर सोपवणं त्याला असह्य वाटे, आणि त्यानं विषयवार कोशाची योजनाही आखली. आपल्याकडे जुना अमरकोश विषयवारच आहे, कारण तो पाठ करायचा होता. डॉ. केतकरांनी मात्र ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’च्या 23 खंडांत दोन्ही गोष्टींना जागा दिली. पहिले पाच प्रस्तावना खंड विषयवार, एका सूत्रात लिहिलेले, आणि पुढं अकारविल्हे नोंदी. ज्याला एखाद्या विषयाची व्यवस्था समजून घ्यायची आहे त्यानं प्रस्तावना खंड वाचावेत. पण ज्ञानकोश ज्यांनी हौसेनं वाचला ते एक नोंद शोधायला गेले आणि तिच्या शेजारच्या नोंदीत अडकले, हे कोणत्याही कोशवाचकाला विचार. शेजार खोटा असला तरी त्यामुळे पडलेला प्रश्न खरा असतो. महंमद-महिपती यांच्यात नातं निघालं, फंदी-आझादांत कदाचित निघणार नाही. ते तपासायचं काम वाचकाचं, आणि कामाला लागलेला वाचकच तर तुला हवा आहे.

याहून अवघड आक्षेप मीच तुला सांगून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी गडबडायला नको. क्रम निरर्थक असणं हाच गुण असेल तर मग चिठ्ठ्या का टाकू नयेत? डब्यात नावं घालायची आणि रोज लहान मुलाकडून एक काढायची. त्यातही पक्षपात नाहीच. पण चिठ्ठीत फक्त आश्चर्य मिळतं, शोध मिळत नाही. उद्या कोण निघणार हे माहीत नसल्यामुळे सगळे हात बांधून बसतात. वर्णमाला मात्र सगळ्यांना आधीच पाठ असते. चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतं की मंगळवारी घ आहे, आणि तो शनिवारपासून आजीला, गुरुजींना, शेजारच्या काकांना ‘घ चा कोण?’ विचारत हिंडतो. अशा हिंडण्यातच एखाद्याला वि. द. घाटे सापडतील, मग त्यांचे वडील नगरचे कवी दत्त, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेलेले, आणि मग दत्तांचे स्नेही रेव्हरंड टिळक. एका अवघड अक्षरानं तीन लेखक हाती दिले. सोप्या अक्षरांवर जे येतं ते आपल्याला ठाऊकच असतं. स, र, व यांना चिंता नाही. अडलेली अक्षरंच माणसाला कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत वाकवतात.

हिशेबही छान जुळतो. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनं. त्यांतून ङ, ञ, ण आणि ळ काढले (जैनांचा णमोकार मंत्र सोडला तर ण नं सुरू होणारं काही माझ्या डोक्यात येत नाही) की तीस उरतात, आणि सप्टेंबरचे दिवसही तीसच. स्वर चार रविवारी व्यंजनाच्या जोडीनं घे: अ-आ, इ-ई, उ-ऊ आणि उरलेले एकत्र. नियम फार कडक नको. लेखकाचं नाव, आडनाव, ग्रंथ, गाव, काहीही त्या अक्षराचं चालेल. प ला निळोबांचं पिंपळनेर घे, रंगनाथ पठारे घे किंवा दुर्गाबाई भागवतांचं ‘पैस’ घे. दुर्गाबाई नगरच्या नव्हेत, पण त्या पुस्तकाचं नाव नेवाशाच्या पैस खांबावरून आलं आणि त्याला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, एवढा संबंध पुष्कळ झाला. लक्ष्मीबाई टिळकांना मात्र ल वर घे. ट वर घेतलंस तर ‘स्मृतिचित्रे’ लिहूनही त्या पुन्हा नवऱ्याच्या मागं उभ्या राहतील. आणि ष किंवा ढ ला काहीच सापडलं नाही तर कोशातला एखादा शब्द ओढूनताणून आणू नकोस. फळा कोरा ठेव आणि तसं जाहीर कर. महिन्याभरात कोणीतरी तो भरून आणील, नाहीतर नाही.

‘पण हे सगळे आपल्या जिल्ह्याचे कुठं?’ हाही प्रश्न येणारच. आझाद, नेहरू, आचार्य नरेंद्र देव इथं 1942 च्या ऑगस्टमध्ये कैदी म्हणून आणले गेले, स्वखुशीनं आले नाहीत. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत किल्ल्यातच लिहिलं. आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ मधली पत्रं इथंच लिहिली, टपालात पडणार नाहीत हे माहीत असताना. आता जन्मस्थानाची कसोटी लावायची तर लावू, पण मग ज्ञानेश्वरही जातात. नेवासं त्यांचं जन्मगाव नव्हे. नारायण वामन टिळकही मूळचे कोकणातले. त्यांना ठेवून आझादांना वगळायचं तर ते कोणत्या कारणानं, हे मंडळानं एकदा मोठ्यानं सांगावं. उर्दू आणि इंग्रजी हे कारण असेल तर ते तसं स्पष्ट म्हणावं. त्यावर उत्तर आहे, वाचन मराठीतून करा.

गोतावळ्याबाहेर सापडलेली आवड किती टिकाऊ असते, याचा पुरावा या जिल्ह्यापासूनच सुरू होतो. जस्टिन ॲबट हा अमेरिकन मराठी मिशनचा धर्मोपदेशक. त्याच्या कामाच्या दृष्टीनं महिपती म्हणजे ज्यांचा प्रभाव कमी करायचा अशांपैकी एक. पण निवृत्त होऊन अमेरिकेत परतल्यावर त्यानं आयुष्याची उरलेली वर्षं मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत आणण्यात घालवली, आणि त्यात मोठा वाटा महिपतींचा होता. पंडित नरहर गोडबोले त्याचे सहकारी होते. ‘भक्तविजया’चं त्यांचं भाषांतर ॲबटच्या मृत्यूनंतर, 1933 पासून, छापून आलं. उलट दिशेनं टिळक बघ. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी इंग्रजी स्तोत्रांची नक्कल केली नाही, अभंग लिहिले, आणि आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या वाटेनं आलो असं ते मानत. या दोघांनाही आपला लेखक त्या जागी सापडला जिथं त्यांच्या मंडळानं बघायला सांगितलं नव्हतं. महिपतींचं स्वतःचंही तेच. नाभाजींच्या हिंदी भक्तमालेतून आणि उद्धवचिद्घनांच्या मराठीतून त्यांनी कथा घेतल्या. म्हणून कबीर, नरसी मेहता आणि गोरा कुंभार एका पोथीत येऊन बसले.

राहिला उथळपणाचा आरोप. तीस दिवसांत तीस लेखक म्हणजे कोणाशीच नीट ओळख नाही, हे खरं. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्यांना एक संध्याकाळ देणं हा अन्यायच आहे. पण ज्याला पुरतं वाचायचं आहे त्याला पुढचे अकरा महिने आहेत. सप्टेंबरचं काम फक्त भेट घालून देण्याचं. श्रावणात पोथी वाचतात तेव्हाही रोज ठरलेला अध्याय वाचला जातो, आजचा अध्याय आवडेल का असं कोणी आधी विचारत नाही. आणि त्या सक्तीमुळेच एखाद्या बाईला ‘भक्तविजया’च्या सत्तावन्न अध्यायांतला एखादाच आयुष्यभर पुरतो. तू एवढंच कर की चार पानं निवडताना प्रसिद्ध उतारे टाळ. फंदींचा तो फटका नको, सवाई माधवरावांच्या मृत्यूवरचं काव्य वाच. तमाशातून कीर्तनाकडे त्यांना अहिल्याबाईंनी वळवलं अशी आख्यायिका आहे, ती सांगायला हरकत नाही, फक्त आख्यायिका म्हणून सांग. पठारेंचं ‘ताम्रपट’ घेतलंस तर कादंबरी मोठी आहे, कुठून सुरू करायचं ते आधी ठरव. ते संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवत होते हे मुलांना जरूर सांग, विज्ञान शाखेतली पोरं मागच्या बाकावरून पुढं येतील.

आणखी एक सुचवणं. महिनाअखेर मतदान घेऊन ‘सर्वांत आवडता लेखक’ जाहीर करायचा तुझा बेत सोडून दे. मतदानात ज्ञानेश्वर जिंकतील, त्यांना त्याची गरज नाही, आणि तुझा महिना फुकट जाईल. त्याऐवजी प्रत्येकाला एका चिठ्ठीवर एकच नाव लिहायला सांग, जे त्यानं स्वतःहून कधीच उचललं नसतं आणि आता पुन्हा वाचणार आहे असं नाव. चिठ्ठ्या वाचून दाखवू नकोस, पुढच्या वर्षीच्या पुस्तकखरेदीची यादी त्यांवरून कर. मंडळाला खरेदीच्या यादीचं कारण लेखी द्यावं लागतं, तेव्हा या चिठ्ठ्या फाइलला लाव. ज्ञ बद्दल विचारलंस ना, तर शाळेच्या तक्त्यात तो शेवटी असतो आणि बहुतेक कोशांत ज च्या पोटात. कोशाप्रमाणे जा. शेवटचा दिवस ह ला ठेव, शिर्डीच्या ‘साईसच्चरिता’चे हेमाडपंत, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकर, त्या दिवशी येतील. तुमच्या वाचनालयातली प्रत जीर्ण झाली असेल तर कळव, इकडून एक पाठवतो.

तुझा
मामा