दिल्लीची सहल आणि पोटाचा हिशोब

दिल्लीला जायचे ठरले की घरोघरी दोनच हिशोब मांडले जातात. एक गाडीच्या तिकिटांचा, दुसरा मुक्कामाच्या खोलीचा. जेवणाचे काय, असे कुणी विचारलेच तर 'तिथे काहीतरी खाऊ' असे उत्तर मिळते. हे 'काहीतरी'च शेवटी सर्वांत महाग पडते. तिसऱ्या दिवशी पाकीट हलके होते, मुलांची पोटे बिघडतात आणि नवराबायकोत कुरबुर सुरू होते.

खर्च वाढला म्हणून मुलांचे हट्ट थांबत नाहीत, की नवऱ्याची भूक कमी होत नाही. कमी होते ती गृहिणीची. 'तुम्ही घ्या, मला भूक नाही' असे म्हणत ती मुलाच्या ताटात उरलेल्या अर्ध्या भटुऱ्यावर दुपार काढते. लाल किल्ला, कुतुबमिनार ही पायपीट मात्र तिलाही तेवढीच असते. संध्याकाळी तिचे डोके दुखते, ती चिडते आणि 'हिला फिरण्याची हौसच नाही' असा शेरा पदरात पडतो. चुकलेल्या हिशोबाची किंमत अशी तिच्याकडून वसूल होते.

म्हणूनच जेवणाचे पैसे निघण्यापूर्वीच बाजूला काढावेत. तेही सगळ्या घराचे एकत्र नव्हे, तर माणशी, रोजचे. त्या हिशोबात तिचे ताट धरलेले असले की ते ऐनवेळी वगळले जात नाही.

पहिला दिवस डब्याचा

मुंबई-पुण्याहून साध्या मेल-एक्सप्रेसने दिल्ली गाठायला साधारण एक दिवस लागतो. एवढ्या वेळासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुरेसा होतो. ओलसर, लवकर खराब होणारे पदार्थ आधी संपवावेत, कोरडे मागे ठेवावेत. चिवडा आणि लाडूंचा डबा मात्र मुलांच्या हाती न देता दिल्लीसाठी राखावा. संध्याकाळी पाचला लागणारी भूक यामुळे फुकटात भागते. नेमक्या याच वेळी पर्यटनस्थळाबाहेरच्या गाड्यांवर सर्वाधिक पैसे उडतात.

पोटभर जेवण दुपारी

स्वीडनसारख्या महागड्या देशात फिरणारे प्रवासी एक युक्ती करतात. तिथे अनेक उपाहारगृहांत कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक दराचे जेवण मिळते. ब्रेड, सॅलड आणि बहुधा कॉफीही त्यातच येते. रात्रीच्या जेवणापेक्षा ते बरेच स्वस्त पडते. म्हणून मोठे जेवण दुपारी उरकून रात्री दुकानातून आणलेले हलके काही खायचे. ही रीत दिल्लीतही उपयोगी पडते.

अशोका रोडवरच्या आंध्र भवनातील पोटभर थाळी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राचे जुने सदन कोपर्निकस मार्गावर, तर २०१३ मध्ये सुरू झालेले नवे सदन कस्तुरबा गांधी मार्गावर आहे. बाहेरच्यांना तिथे केव्हा जेवण मिळते, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या आयएनएजवळच्या दिल्ली हाटमध्ये निरनिराळ्या राज्यांचे पदार्थ एकाच जागी चाखता येतात. मात्र प्रवेशाचे तिकीट हिशोबात धरावे.

चांदनी चौकातील पराठेवाली गल्ली चुकवू नये. पण तिथला पराठा तव्यावर भाजलेला नसून कढईत तळलेला असतो. दोघांत मिळून मागवावा, आवडला तर आणखी घ्यावा. ढाब्यावर भाजी 'हाफ' की 'फुल' हे आधी सांगावे. चौघांसाठी चार भाज्या मागवल्या की दोन हमखास उरतात.

बांगलासाहिब गुरुद्वाऱ्यातील लंगर सर्वांना खुला आहे. पण ती पैसे वाचवण्याची जागा समजून जाऊ नये. डोके झाकून पंगतीत बसावे, ताटात काही टाकू नये आणि जमेल तेवढा सेवेला हात लावावा. मुले तिथे जे शिकतील, ते कोणत्याही संग्रहालयात शिकणार नाहीत.

बिल वाचायला लाजू नका

स्वीडनमध्ये मेनूवरच्या किमतीतच कर धरलेला असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो वेगळा लागतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के आहे. 'सर्व्हिस चार्ज' मात्र कर नव्हे. तो आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ते योग्य ठरवले.

समजा, जेवण १५०० रुपयांचे झाले. ५ टक्के करासह ते १५७५ होते. पण १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावरही कर लागला की रक्कम १७३२ रुपये ५० पैशांवर जाते. हे जास्तीचे १५७ रुपये ५० पैसे म्हणजे घरातल्या एकाचे साधे जेवणच. ती रक्कम काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढप्याची सेवा आवडली तर खुशीने त्याच्या हातात काही ठेवावे.

काटकसर म्हणजे उपास नव्हे. वर्षभर सर्वांना गरम वाढून स्वतः शेवटी जेवणाऱ्या गृहिणीला निदान सहलीत तरी सर्वांबरोबर आयते, गरम ताट मिळावे. ते मिळाले तर सहलीतले पैसे सार्थकी लागले असे समजावे.