रांजणांच्या पठारावर

शनिवारी सकाळी सेंट पॉलच्या शेतकरी बाजारातून भाजी आणणं हा आमच्या घरचा वीस-पंचवीस वर्षांचा नेम आहे. मिनेसोटातला उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा, पण तेवढ्यात तिथे कारली, चवळीच्या शेंगा, भोपळ्याचे कोवळे शेंडे, कोथिंबीर आणि तिखटजाळ मिरच्या असं सगळं मिळतं. विकणाऱ्या बहुतेक मोंग बायका. आमची आजी ठरलेली. तिला इंग्रजी येत नाही, हिशेब नात करते. मंडळात नवीन आलेल्यांना आम्ही हौसेनं हा बाजार दाखवतो. पण लाओसच्या डोंगरातली ही माणसं इथे बर्फात कशी येऊन पडली, हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलं नव्हतं.

ते विचारलं माझ्या वडिलांनी. २००९ च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले होते. लालबागचे गिरणी कामगार, साचेखात्यातले, आणि तरुणपणापासून लाल बावट्याचे. पक्षाचं कार्ड दरवर्षी न चुकता नवं करून घेणारे. बाजारात ते मिरची चावून बघितल्याशिवाय घेत नसत. ते मराठीत घासाघीस करायचे, आजी मोंगमध्ये. दोघांचं छान जमायचं. तिच्या गाडीत नवऱ्याचा लष्करी वेशातला फोटो लावलेला होता. "हे कोण?" अण्णांनी मला विचारायला लावलं. नात म्हणाली, "आजोबा. कम्युनिस्टांशी लढताना गेले." मी मराठीत सांगितलं. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तिला माझं सांगू नकोस हो. उगाच भाव वाढवील."

आई गेल्यापासून ते एकटे होते, म्हणून त्यांनी कायम इथेच राहावं अशी माझी इच्छा होती. मी आदल्या वर्षीच नागरिक झाले होते, त्यामुळे अर्ज करता येणार होता. अर्जात प्रश्न होता : तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? माझ्या स्वतःच्या अर्जातही तो होता, मी 'नाही'वर खूण करून पुढे गेले होते. हा प्रश्न १९५० च्या दशकातल्या भीतीचा. सोव्हिएत संघ मोडून पडला तरी कायद्यात राहिलेला. पाहुणा म्हणून येणाऱ्याला आता तो आड येत नाही, राहायला येणाऱ्याला येतो. वकील म्हणाले, "मुलगी नागरिक आहे, सवलत मागता येईल." अण्णांनी मला विचारलं, "सवलत कशाची? आठ तासांसाठी आणि बोनससाठी भांडलो त्याची?" ऑक्टोबरात ते परत गेले. २०१४ साली लालबागच्या खोलीतच वारले. मी पोचले ती तिसऱ्या दिवशी.

तो अर्धा भरलेला अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. आणि त्याच भीतीनं आजीला मात्र इथे आणलं होतं. ही गाठ मला उलगडेना. म्हणून २०२३ च्या जानेवारीत भारतातून परतताना आम्ही दोघं वाट वाकडी करून लाओसला गेलो.

लुआंग प्राबांगहून फोनसावानला जाणारा रस्ता म्हणजे दिवसभर घाटच घाट. वळणं संपता संपत नाहीत. संध्याकाळी पठारावर उतरलो तर चक्क थंडी. महाबळेश्वरची आठवण झाली. जेवायला बांबूच्या टोपलीतला चिकट भात, हातानं गोळा करून तिखट चटणीत बुडवायचा. खानावळीच्या कुंपणाचे खांब धातूचे होते, निमुळते, माणसाच्या उंचीचे. मी कौतुकानं हात लावला. मालक म्हणाला, "बॉम्बची कवचं." इथे त्यांत कांद्याची पात लावतात, त्यांवर घरं उभारतात. एका गावात तर विमानांच्या आणि बॉम्बच्या ॲल्युमिनियमचे चमचे ओततात.

दुसऱ्या दिवशी रांजणांचं पठार पाहिलं. मोकळ्या गवताळ माळावर दगडात कोरलेले प्रचंड रांजण, काही माणूस आत उभा राहील एवढे. दोन हजारांहून अधिक आहेत, लोहयुगातले. अंत्यविधीसाठी वापरत असावेत, असं संशोधक मानतात. गावकरी सांगतात, राक्षसांनी तांदळाची दारू भरायला केले. २०१९ पासून हा जागतिक वारसा आहे. पण पाय मोकळेपणानं टाकता येत नाही. वाटेत जमिनीत लाल-पांढऱ्या खुणा रोवल्या आहेत. पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली, लाल बाजूची नाही. रांजणांच्या मधेमधे विहिरीएवढे खड्डे, आता गवतानं भरलेले.

आमचा वाटाड्या एका खड्ड्याच्या काठावर बसून सांगत होता. १९५४ साली आयझेनहॉवर म्हणाले होते, ओळीनं उभ्या केलेल्या सोंगट्यांतली पहिली पडली की सगळ्या पडतात. इंडोचायना गेलं की पाठोपाठ ब्रह्मदेश, थायलंड, इंडोनेशिया. त्या ओळीत लाओस आलं. १९६२ मध्ये जिनिव्हाला चौदा देशांनी लाओस तटस्थ राहील असं लिहून दिलं. त्यांत आपला भारतही होता, आणि देखरेखीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपदही भारताकडेच होतं. कागद चोख झाला. पण उत्तर व्हिएतनामचं सैन्य इथून हललं नाही, कारण दक्षिणेकडे रसद नेणारी हो चि मिन्ह वाट याच देशातून जात होती. अमेरिकेनं उघडपणे सैन्य आणलं नाही. सीआयएनं डोंगरातल्या मोंग पोरांच्या हातात बंदुका दिल्या. त्यांचा सेनापती वांग पाओ. समोरच्या पाथेट लाओला हत्यारं मिळत होती ती कम्युनिस्ट देशांकडून. भांडण मोठ्यांचं, अंगण तिसऱ्याचंच.

आणि वरून बॉम्ब. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत ५ लाख ८० हजार उड्डाणं, २० लाख टनांहून अधिक बॉम्ब. सरासरी दर आठ मिनिटांनी एक विमानभर, रात्रंदिवस. त्यांत चेंडूएवढे २७ कोटी छोटे बॉम्ब होते. लाओसचे लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत, जमिनीत राहिले. युद्ध संपल्यावरही त्यांनी वीस हजारांच्या आसपास माणसं मारली किंवा जायबंदी केली. "शेकोटी कुठेही पेटवायची नाही, हे आम्हाला शाळेत शिकवतात," वाटाड्या म्हणाला. खालची माती तापली की बॉम्बी फुटते.

जवळच्या थाम पिऊ गुहेत आसऱ्याला शिरलेली ३७४ माणसं नोव्हेंबर १९६८ मध्ये एका हल्ल्यात गेली. भिंती अजून काळ्या आहेत. मी अमेरिकेत कर भरते, माझ्या पर्समध्ये निळा पासपोर्ट होता. तिथे उदबत्ती लावताना हात थरथरला.

परतताना घराघरांवर राष्ट्रध्वजाच्या शेजारी विळा-हातोड्याचा लाल झेंडा दिसत होता. अण्णांच्या ट्रंकेत होता तसाच. मी वाटाड्याला विचारलं, "मोंग लोकांचं पुढे काय झालं?" तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "बरेच गेले." एवढंच. गेले कसे, ते मला नंतर कळत गेलं. १९७५ साली अमेरिकेनं विमानानं नेले ते थोडे. मागे राहिलेल्यांचा नव्या सरकारनं पाठलाग केला. बायकामुलं जंगलातून चालत, रात्री मेकाँग पोहून थायलंडच्या छावण्यांत पोचली, कित्येक पोचलीच नाहीत. बाजारात मोंग बायका भरतकामाचे कापडी पट विकतात. निळी नदी, त्यात माणसं, काठावर बंदूकवाले. मी एक घेतला होता, दिवाणखान्यात शोभेला. ते बंदूकवाले अण्णांच्याच झेंड्याचे, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जूनमध्ये बाजार भरला. मी आजीला फोनवरचे डोंगरांचे फोटो दाखवले. ती एकेक बोटानं मोठा करून पाहत होती. मग मी नातीला म्हटलं, "आजीला सांग, माझे वडील कम्युनिस्ट होते." नात थबकली. "खरंच सांगू?" सांग म्हटलं.

आजीनं ऐकलं. बराच वेळ ती जुड्या नीट लावत राहिली. मग काहीतरी विचारलं. "त्यांच्याकडे बंदूक होती का?"

"नाही. ते गिरणीत कापड विणायचे."

आजी पुन्हा काही बोलली. नात हसली. "आजी म्हणतेय, तो मिरची चावून बघणारा ना?"

मी मान हलवली. आजीनं मिरच्यांची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि खुणेनं सांगितलं, चावून बघ.