पाडता यावं असं घर

सिव्हिलला तीन वर्षं काढली की डोक्यात एक पक्कं बसतं : सिमेंटशिवाय भिंत नाही! मग इटलीतल्या आल्बेरोबेल्लोची ‘त्रुल्लो’ घरं वाचनात आली आणि मी चाटच पडलो. नुसते चुनखडीचे दगड. जोडायला ना माती, ना चुना. जाड दुहेरी भिंत, मध्ये दगडांची भर. वर प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेलेलं शंकूसारखं छप्पर. भिंतीतच खोल कोनाडा, त्यात बिछाना, पुढे पडदा. झालं इंटिरिअर!

पण हे सगळं हौसेनं नव्हे. नव्या वस्तीवर राजाचा कर असे. तो चुकवायला कॉन्व्हेर्सानोच्या काउंटनं रयतेला बजावलं म्हणे, घरं अशीच बांधा, तपासणी आली की पटकन पाडता आली पाहिजेत. म्हणजे डोक्यावरचं छप्पर रचायचं तेच मोडण्याच्या तयारीनं! अशा वेळी बायका पोरंबाळं घेऊन कुठे थांबत असतील? आमच्या एस्टिमेटिंगच्या पेपरात याला कॉलम नाही.

१७९७ साली राजा चौथ्या फर्डिनांडनं गाव काउंटच्या तावडीतून सोडवलं. त्याच साली ‘काझा दामोरे’ हे घर चुन्यात बांधलं गेलं. तसं त्याच्यावर कोरूनही ठेवलंय : राजाच्या परवानगीनं, पहिलं.